लिंबाच्या पानावरची रेघ

मित्रांनो, मी एक म्हातारा पतंग आहे. हसू नका. तांदळाच्या कणीएवढा माझा देह, चंदेरी पंख, पंखांच्या टोकाला एकेक काळा ठिपका आणि कडेला बारीक झालर. आमचं आयुष्यच एवढंसं, की मला म्हाताराच म्हणायला हवं. पण तेवढ्या दिवसांत जे पाहिलं, त्याने अजून अंगावर काटा येतो.

एका शिंप्याच्या दुकानाच्या खिडकीत, कुंडीत लिंबाचं झाड होतं. त्याच्या कोवळ्या पानाच्या पाठीला आईने माझं अंडं चिकटवलं. अंड्यातून बाहेर पडलो तो थेट पानाच्या आत. वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा आणि मधे मी! पाय नाहीत, घाई नाही. रस पीत पुढे सरकायचं, एवढंच काम. मी जिथून जाई तिथे मागे पांढरी, नागमोडी रेघ उमटे. ती बाहेरून दिसते हे मला ठाऊकच नव्हतं.

एका सकाळी माझं छप्परच हादरलं. कुणाचा तरी अंगठा पानावर दाबला गेला होता.

"बाबा! हे काय करून ठेवलंत?"

दुकान चालवणारी शिंपीणबाई आपल्या वडिलांवर ओरडत होती. बाबाही शिंपीच. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. कापडावर भलतीकडेच खुणा करत. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्यांनी उलटी कापली होती. बोटं मात्र कायम खडूने पांढरी.

"आता झाडालाही सोडलं नाहीत? पानापानावर खडू गिरगटलाय! बस झालं. उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही तुम्ही."

मी हबकलो. अहो, ती रेघ माझी होती! ओरडून सांगावं तर आवाज कुठला? बाबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत निघून गेले.

शिंपीणबाईने ओल्या फडक्याने पानं पुसली. रेघ काही निघेना. उलट पुढच्या दिवसांत, बाबा खोलीबाहेर पडत नसतानाही, रेघा वाढतच गेल्या. ती खिडकीशी येऊन बघतच राही.

अशात रोपवाटिकेची मालकीण कोटाचं माप द्यायला आली. झाडाकडे पाहून म्हणाली, "लिंबाला नागअळी लागली की हो तुमच्या!"

"कसली अळी? बाबांनी खडूने..."

"खडू पानाच्या आत कसा शिरेल?" तिने शेजारचं पान तोडून उजेडाकडे धरलं. "रेघेच्या मधोमध काळा दोरा दिसतो ना? ती तिची विष्ठा. आणि टोकाला पिवळं वळवळतंय, ती बया स्वतः."

ती बया म्हणजे माझं सख्खं भावंड! मी गारठलो. कसाबसा पानाच्या कडेला पोचलो, कड दुमडली, रेशमाने शिवून घेतली आणि आत दडून बसलो.

"विषारी औषध मारू नका," मालकीण म्हणाली. "ही फक्त कोवळ्या पानांत शिरते. झाड तगेल."

पण शिंपीणबाईचं लक्षच नव्हतं. ती आत धावली आणि बाबांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"बाबा, चुकलं माझं. त्या रेघा अळीच्या होत्या. तुम्ही काही केलं नव्हतं."

"नव्हतं केलं?" बाबा गोंधळले. "पण मला तर आठवतंय."

"काय आठवतंय?"

"पानावर रेघा मारताना. पान ओलं होतं. खडू घसरत होता. तू म्हणालीस ना, मग आठवलंच मला सगळं."

शिंपीणबाई मटकन खाली बसली आणि बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडू लागली. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत विचारत राहिले, "काय गं झालं पोरी? कुणी बोललं का तुला?"

मी कोषातून बाहेर पडलो तेव्हा मशीनशेजारी एक खुर्ची आली होती. कातर तिने बाबांना परत दिली नव्हती. पण बाबा तिथे बसून बटणं लावत होते, आणि टाका चुकला तर ती हसून उसवत होती.

मित्रांनो, पान बिघडलेलं दिसलं तर आधी ते उजेडाकडे धरून पाहा. आणि ज्याचा स्वतःच्या आठवणींवर भरवसा उरलेला नाही, त्याच्यावर आळ घेण्याआधी फार फार विचार करा. तो "नाही" म्हणणार नाही.