मला डोकं आलं तेव्हा

पाडून घेण्यासाठीच माझा जन्म झाला, मित्रांनो. मी वॉरिंडा गावच्या फुटबॉल क्लबातली सरावाची जुनी बॅग. जाड निळं कापड, आत ठासून भरलेला फोम, उंची माणसाएवढी; फक्त खांद्यांच्या वर काही नाही. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, आणि पळणाऱ्याला कवेत धरून अडवावं लागतं. ते अडवणं मुली माझ्यावर शिकायच्या.

नवी होते तेव्हा मला छपराखाली जपून ठेवत. पुढे शिवण उसवली, पोटावर चिकटपट्ट्या आल्या, आणि पावसातही मी मैदानावरच पडून राहू लागले. तरी संघातली केरिन मला विसरत नसे. ती मेंढ्यांची लोकर कातरायची. तिने एकदा धरलं की सुटका नाही. ती मला उचलायची, गरकन फिरवायची आणि दाणकन आपटायची. प्रशिक्षक मोइरा म्हणायची, “बघा गं, याला म्हणतात पाडणं.” मला त्याचा अभिमान वाटायचा.

एका संध्याकाळी सरावाच्या सामन्यात केरिनने तिच्या धाकट्या बहिणीला, टेगनला, तसंच फिरवून आपटलं. टेगनचे दोन्ही हात केरिनच्या कवेत अडकले होते. टेकायला हातच मोकळा नव्हता. तिचं डोकं थेट जमिनीवर आदळलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, केरिनकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “तू कोण?”

त्यानंतर कितीतरी आठवडे टेगन पडदे ओढून खोलीत पडून होती, असं मुलींच्या बोलण्यातून मला कळायचं. तिला उजेड सोसत नव्हता. केरिन सामन्यांना यायची, पण समोरून कुणी चेंडू घेऊन आलं की तिचे हात आपोआप खाली यायचे. आमचा संघ हरू लागला. माझ्याकडे तर ती बघेचना.

मग एके दिवशी काळा चष्मा लावून टेगन मैदानावर आली. तिच्या काखेत लोकर भरलेली पांढरी गोल उशी होती. माझ्याशेजारी बसून ती दाभणाने ती उशी माझ्या खांद्यांवर शिवू लागली.

“हे काय गं?” केरिनने विचारलं.

“डोकं. हिला नव्हतं, म्हणून कुणालाच त्याची आठवण राहिली नाही. आता पाड हिला. पांढऱ्याला चिखल लागला तर पुन्हा पाडायचं.”

“माझ्याच्याने नाही होणार, टेगन.”

“डॉक्टरांनी एकदा का हो म्हटलं, की मी परत खेळणार आहे. तेव्हा सरावात मला तूच पकडायचंस. उगाच कातरलेल्या मेंढीसारखं तोंड करू नकोस.”

केरिन हसली. मग रडली. मग तिने मला धरलं.

सुरुवातीला माझं डोकं रोज चिखलाने माखायचं. हळूहळू केरिनला गुपित कळलं. समोरचीचा एक हात मोकळा ठेवायचा, फिरवायचं नाही, आधी आपण खाली बसायचं, आपल्याच कुशीवर पडायचं आणि तिला अंगावर घ्यायचं. मोइराने ते सगळ्यांना शिकवलं. आधी स्वतः शिकली.

आम्ही पुन्हा जिंकू लागलो, आणि अंतिम सामन्याला मला ट्रकमध्ये घालून नेलं. शेवटची मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांची सर्वांत वेगवान खेळाडू शेल्बी चेंडू घेऊन गोलकडे सुटली. केरिन तिच्यामागे. सीमेवर टेगनने माझा खांदा घट्ट धरला. केरिनने झेप घेतली. दोघी कोसळल्या, पण खाली केरिन होती आणि वर शेल्बी. पंचांची शिट्टी वाजली. केरिनने नियम मोडून आपटलं असं ठरलं असतं, तर चेंडू त्यांचा आणि सामनाही गेला असता.

पंचांनी केरिनकडे हात केला. चेंडू आमचा!

शेल्बी अंग झटकत उठली. “हाडं तुझी मोडली असतील, माझी नाहीत,” ती म्हणाली आणि तिनेच हात देऊन केरिनला उभं केलं. सामना संपल्याचा भोंगा वाजला. आम्ही जिंकलो होतो. मुलींनी केरिनला खांद्यावर घेतलं, आणि मित्रांनो, मलाही. सगळ्या मैदानाला आमची फेरी झाली, कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले.

पुढच्या हंगामात डॉक्टरांनी टेगनला परवानगी दिली. पहिल्याच सरावात केरिनने तिला धरलं, पाडलं, आणि दोघी गवतात लोळत हसल्या.

मित्रांनो, जोरात खेळा, जिंकायला खेळा. पण ज्याला पाडाल, तो उठून उभा राहील असं पाडा. नाहीतर पुढच्या शनिवारी खेळाल कुणाशी?