हरवलं न्हाई, चुकलं

"माय ग्रँडफादर लॉस्ट अ शीप!"

प्रांजलनं हे वाक्य गच्चीच्या कठड्यावरून इतक्या जोरात फेकलं, की खालच्या रानात कांदे काढणाऱ्या बायांनी माना वर केल्या. दहावीतली प्रांजल सध्या कुठलंच वाक्य हळू बोलत नव्हती. गेल्या वर्षी हजेरीला 'यस मॅडम' म्हणतानाही जिचा घसा बसायचा, ती आता पिंपळवंडीहून अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेला निघाली होती. जुन्नर, आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली पोरं येणार होती. विषय होता 'माझ्या घरातलं एक माणूस', आणि प्रांजलनं पापणीसुद्धा न हलवता आबा निवडले होते.

आबा म्हणजे तिचे आजोबा, नवसू. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. ते खाली लिंबाखाली बाजेवर बसून दोरी वळत होते.

"प्रांजे, माजंच चाललंय न्हवं? शीप म्हंजी मेंढरू, येवढं कळलं. ते लॉस काय हाय?"

"लॉस नाही आबा, लॉस्ट! हरवलं. माळशेज घाटात धुक्यात आपलं मेंढरू हरवलं होतं ना, ती गोष्ट."

वळणारे हात थांबले. "कोनी हरवलं?"

"तुम्ही."

"मी?"

"म्हणजे इंग्रजीत तसंच म्हणतात, आबा."

आबा बाजेवरून उठले. "मग त्या इंग्रजीला सांग, नवसूनं उभ्या जन्मात मेंढरू हरवलं न्हाई. चुकलं ते. धुकं आलं, वाट दिसंना, चुकलं. हरवायला ते काय छत्री हाय का रुमाल?"

"पण आबा..."

"दोन तालुक्यांत माजं नाव सांगनार, आन संगं हे? माजं नावच घिऊ नगंस. तुज्या बापाचं घे. त्यानं मोबाइल हरवलाय, पाकीट हरवलंय, लगनातलं घड्याळ बी हरवलंय."

पिकअपखाली निजून काहीतरी खटपट करणाऱ्या पप्पांचा, म्हणजे दादाभाऊंचा, आवाज आला, "आता मी काय केलं राव?"

बायांमध्ये हशा पिकला. आबा मात्र हसले नाहीत. दोरी बाजेवर टाकून ते मागच्या बाजूला निघून गेले, आणि प्रांजलला पहिल्यांदा कळलं, की म्हाताऱ्याला खरंच लागलंय.

खरं तर 'लॉस्ट' हा शब्द तिचा नव्हताच. तिनं आधी लिहिलं होतं, 'वन शीप मेड अ मिस्टेक'. मेंढरू चुकलं, चुकणं म्हणजे चूक, चूक म्हणजे मिस्टेक, इतकं सरळ! इंग्रजीच्या साधना मॅडम वाचून हसत सुटल्या. "अगं, मेंढरानं काय चूक केली? स्पेलिंगची?" मग तिची मैत्रीण आरती दिवसभर मागच्या बाकावरून बेंऽऽ करून ओरडत होती आणि वर म्हणत होती, "सॉरी मॅडम, मिस्टेक झाली." शेवटी मॅडमनी 'लॉस्ट' लिहून दिलं. छोटा, सोपा शब्द, कुणालाही कळणारा.

दुसऱ्या दिवशी प्रांजल मॅडमच्या मागेच लागली. "मॅडम, दुसरा द्या ना. चुकलं, पण चूक नाही, असा."

"स्ट्रेड म्हण मग."

"स्ट्रे डॉगमधलं स्ट्रे?" आरतीनं विचारलं, आणि तिथंच तो शब्द निम्मा मेला. उरलेला निम्मा घरी आबांनी मारला. "भटकं? माजी मेंढरं काय भटकी कुत्री व्हती? त्यास्नी धनी व्हता."

"बरं, मिसिंग?"

"ते पोलीस चौकीत फोटू लावत्यात, ते का?" पप्पा म्हणाले.

चुलीपुढून मम्मीनं भाकरी थापता थापता भर घातली, "लावा की फोटू. रंग काळा, अंगात लोकरीचा सदरा, शेवटचं घाटात दिसलं. सांगनाऱ्याला कोकरू बक्षीस."

आता मात्र आबांच्या मिशा हलल्या. प्रांजलनं ती संधी पकडली. "आबा, मग तुम्हीच सांगा ना. चुकलं म्हणजे नक्की काय?"

आबांनी बराच वेळ घास चावला. "चुकलं म्हंजी... त्याचा गुन्हा न्हाई, माजा बी न्हाई. ते तिकडं, मी हिकडं. मधी धुकं."

असला शब्द इंग्रजीत असेल? असलाच पाहिजे! कासाराकडे बांगड्या भरताना हात पुढे करून बसावं, तशी ती त्या रात्री उशिरापर्यंत शब्दांपुढे बसली होती. हा सैल, हा घट्ट, हा मनगटावर चढतो पण रंग शोभत नाही. आणि गंमत म्हणजे हे सगळं तिला परीक्षेच्या अभ्यासासारखं वाटतच नव्हतं. इंग्रजीत शब्द निवडायचा असतो, नुसता पाठ करायचा नसतो, हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

पण मॅडमनी बजावलं होतं, "आता काही बदलू नकोस. पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी बदललं, की गाडी रुळावरून घसरते." ते खोटं नव्हतं. गेल्या वर्षी शाळेच्या स्टेजवर तिची गाडी घसरली होती, ती थेट मम्मीच्या पदरातच जाऊन थांबली होती.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आबा नेहमीसारखे मेंढवाड्याचं फाटक उघडून उभे होते. मेंढवाडा मागच्या दिवाळीपासून रिकामा होता. चरायला रान उरलं नव्हतं, जिकडं बघावं तिकडं द्राक्षबागा आणि तारेची कुंपणं. त्यात बिबट्याचा घोर. पप्पांनी सगळा कळप विकून टाकला. तरी दिवस कलला, की आबा फाटक उघडायचे, मेंढरं आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचे आणि परत लावायचे. कुणी विचारलं, की म्हणायचे, "पाय मोकळं करतोय."

"आबा, उद्या चला ना स्पर्धेला."

"मी न्हाई यायचा."

"नका येऊ. मग मी लॉस्टच म्हणणार. मोठ्यानं. माइकवर."

"आन आलो तर?"

"आलात तर बघू."

"धमकी देती व्हय गं?"

"छे! राखणीला बोलवतेय. तुमच्या शब्दाच्या."

आबांनी नुसतं फाटक लावलं. पण सकाळी पप्पांनी पिकअपचं दार उघडलं, तर आबा आधीच पुढच्या सीटवर बसलेले, लाल पटका बांधून, खांद्यावर घोंगडी, दोन गुडघ्यांत काठी. "चला की," ते म्हणाले, "येळ व्हतोय."

अवसरीच्या त्या हॉलमध्ये इतकी माणसं होती, की आरती म्हणाली, "आपल्या भैरवनाथाची जत्राच गं ही!" टाय लावलेली पोरं भिंतीकडं तोंड करून पुटपुटत होती. प्रांजलचं नाव पुकारलं गेलं. ती उड्या मारतच पायऱ्या चढली, माइक स्वतःच्या उंचीला ओढला आणि सुरू झाली. कोकणातून परतीची वाट, माळशेजचा घाट, पुढे कुत्री, मध्ये मेंढरं, मागे आबा. सगळं झकास चाललं होतं.

"देन द फॉग केम," ती म्हणाली.

आणि थांबली.

तिसऱ्या रांगेत साधना मॅडमचे ओठ हलले: लॉस्ट, लॉस्ट. अगदी मागे आबा खुर्ची सोडून उभे होते, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. कळप चरत असला, की ते असेच उभे राहायचे. गेल्या वर्षीची प्रांजल पडद्याआडून डोकावली. ही तिच्याकडं बघून मनात म्हणाली, थांब गं जरा, मी बोलतेय.

"माय ग्रँडफादर डिड नॉट लूज हर!" तिचा आवाज छताला लागला. "द शीप वॉज देअर. माय ग्रँडफादर वॉज हिअर. इन द मिडल, फॉग. बोथ वेअर लुकिंग फॉर इच अदर!"

कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि गाडी घसरायच्या ऐवजी सुसाट सुटली. बाकीचे मेंढपाळ कळप घेऊन पुढे निघून गेले, आबा घाटात मागे राहिले, हाका मारून मारून घसा बसला. मग एका सकाळी करवंदीच्या जाळीतून मेंढीनंच ओरडून उत्तर दिलं, आणि पोटाशी नुकतं झालेलं कोकरू! "सो," प्रांजल म्हणाली, "शी फाउंड हिम." हॉल टाळ्यांनी भरला.

परीक्षक बाई तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी विचारलं, "अँड हिज शीप? व्हेअर आर दे नाउ?"

हे पाठ केलेल्यात नव्हतं. "वी सोल्ड देम, मॅडम."

"ओह," बाई हळहळून म्हणाल्या, "सो ही लॉस्ट देम, आफ्टर ऑल."

"नो मॅडम." हे तिच्या तोंडून आपोआपच निघालं. "ही डिड नॉट लूज देम. ही... ही मिसेस देम."

हॉल गप्प झाला. प्रांजलही दचकली. हा शब्द तिला कधीपासून येत होता! बस मिस झाली, लेक्चर मिस झालं, मोबाइलवर 'मिस यू' आणि खाली बदाम. पण आत्ता तो हातात असा चढला, जशी मापाची बांगडी.

दुसरा नंबर आला. आरतीनं तिला उचलून गरागरा फिरवलं. साधना मॅडमनी कान पकडला, "बदललंस ना शेवटी!" पण पकडला अगदी हळूच.

परतताना प्रांजलच्या तोंडाला मंचरपर्यंत खळ नव्हता. पुढं कळंब मागं पडल्यावर आबांनी विचारलं, "त्या बाईनी शेवटाला काय इचारलं गं? समदी गप झाली."

तिनं सांगितलं.

"आन तू काय म्हनली?"

"मिसेस देम."

"म्हंजी?"

प्रांजल मराठी शोधू लागली. आठवण येते? ते तर मामाचीही येते. उणीव भासते? ते निबंधात. "म्हणजे बघा आबा... चुकल्या-चुकल्यासारखं होतं ना, तसं."

आणि तिचेच कान टवकारले. चुकल्यासारखं! तोच शब्द! इतके दिवस ती ज्याच्यासाठी इंग्रजी धुंडाळत होती, तो इंग्रजीतून फिरून पुन्हा मराठीतच निघाला होता. ओरडण्यासाठी तिनं तोंड उघडलं, आबांकडं पाहिलं आणि तसंच मिटलं. आबा काचेतून बाहेर बघत होते. एका बागेच्या कुंपणापलीकडं कुणाची तरी चार मेंढरं बांधावरचं गवत खुडत होती.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच व्हतंय."

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. मम्मीनं बक्षिसाचा कप कांदेवाल्या बायांना दाखवायला नेला, पप्पा सगळ्यांना सांगत सुटले, आणि आबा पटका न सोडताच मागं गेले. प्रांजल त्यांच्यामागून गेली, पण लिंबापाशीच थांबली.

आबांनी मेंढवाड्याचं फाटक उघडलं. "मिस," ते म्हणाले, नवा शब्द तोंडात घोळवून बघावा तसं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तो दातांमधून लांबत गेला, "मिस्स्... मिस्स्...", आणि ऐकणाऱ्याला वाटावं, की म्हातारा रानाकडं तोंड करून मेंढरांना बोलावतोय.

हाक मारल्यावर थोडं थांबायचं असतं. आबा तेवढं थांबले. मग त्यांनी फाटक ओढून घेतलं, आणि आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून घालावी, तशी जपून कडी घातली.