गवत कुणाच्या नावावर?

"आजी, मेलेली मेंढरं किती लिहू?" तलाठी मॅडमनी विचारलं.

"एक बी न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या भारतनं, तिच्या लेकानं, मान फिरवली. सीना नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा या मायलेकांनी भर पावसात अख्खा कळप माळावर काढला होता, पिल्लं खांद्यावर घेऊन. एकही मेंढरू वाहून गेलं नाही. गेलं ते गायरान. पाणी ओसरल्यावर तिथं नुसता गाळ उरला, हिरवी काडी दिसेना.

मॅडम वाईट नव्हत्या. पिकाची मदत सातबारा बघून मिळते, जनावराची ते मेलं तर, असं त्यांनी समजावलं. गायरान सरकारचं, तिथलं गवत कुणाच्या नावावर नसतं.

"आई, धा-पाच व्हावून गेली म्हन की," भारत हळूच म्हणाला. "कोन बघाय येतंय?"

मॅडम मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

"जगवली म्हनून काय न्हाय, आन् मेली असती तर पैसं," म्हाळसाबाई म्हणाली. "पुरातनं काडलेली मेंढरं मी तोंडानं मारनार न्हाय. चला मॅडम, मेलंय काय ते दावते."

तिनं मॅडमना गायरानात नेलं. चार पावलांवर मॅडमचा पाय नडगीपर्यंत रुतला. म्हाळसाबाईनं हात देऊन ओढून काढलं. मॅडमनी फोटो घेतले. वर कळवते, पण शब्द देत नाही, असं सांगून त्या गेल्या.

ग्रामसभेत मदतीची यादी वाचली, त्यात म्हाळसाबाईचं नाव नव्हतं. तिनं उठून गायरानाचं काय, असं विचारलं. गवताचीही भरपाई मागते म्हणून कुणीतरी हसलं.

"हसा की," ती म्हणाली. "त्येच गवात खाऊन माजी मेंढरं तुमच्या रानात बसत्यात. लेंडीखत पायजे तवा माज्या दारात येता. मंग गवात गेलं त्ये माजं एकलीचंच कसं?"

बराच वेळ वाद झाला आणि शेवटी चराईच्या नुकसानीची मदत मागणारा ठराव सभेनं केला. तो तालुक्याला गेला. तिथून पुढं काहीच आलं नाही.

मेंढरांच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा तिनं अक्कलकोटकडच्या माळावर जायचं ठरवलं. भारत कित्येक दिवस तिच्याशी धड बोलत नव्हता. निघायच्या सकाळी मात्र त्यानंच घोडीवर बिऱ्हाड बांधलं.

मंद्रूपला बाजार भरला होता. एका व्यापाऱ्यानं वाटेतच मेंढरं चाचपली, निम्म्या भावात मागितली आणि वर सांगितलं, की पुढच्या माळापर्यंतही ही पोचायची नाहीत.

भारतनं आईकडं बघितलं.

"पोचतील," म्हाळसाबाई म्हणाली आणि काठी उचलून चालू लागली.

मागून एसटीनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. कळप रस्ताभर पसरला होता. एक गाभण मेंढी दम खात थांबली, तशी म्हाळसाबाईही तिच्याजवळ थांबली. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. मेंढी पुन्हा चालायला लागेपर्यंत म्हाळसाबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती.