एका शब्दाचा निकाल

आमच्या अपील न्यायालयात एक सोय आहे. खालच्या कोर्टाचा हुकूम बदलायचा नसला की न्यायाधीश एकच शब्द लिहितात: कायम. कारण देत नाहीत. आणि कारण लिहिलेलं नसलं की राज्याचं सर्वोच्च न्यायालय त्या प्रकरणाला हात लावू शकत नाही. खटला तिथेच संपतो.

मी जज वॉरन लिंडेलची सेक्रेटरी. जिल्हा कोर्टापासून त्यांच्यामागे फिरतेय. माणूस सरळ, कामाला वाघ. पण आता सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी होती आणि गव्हर्नरच्या यादीत त्यांचं नाव होतं. तेव्हापासून ते हसायचेसुद्धा जपून.

त्याच सुमारास व्हर्ना स्टॅम्परचं अपील आलं. सुनावणीची नोटीस तिच्या जुन्या पत्त्यावर गेली, ती हजर राहिली नाही, आणि खालच्या कोर्टाने तिचा मुलीवरचा हक्क कायमचा काढून घेतला. मुलगी दत्तक जायची होती. तिचा वकील उभा राहून म्हणाला, "जजसाहेब, हरवायचं तर हरवा. पण का ते लिहा. म्हणजे मला वर तरी जाता येईल."

साहेबांनी खरंच लिहिलं. सहा पानं. कायदा इथे धूसर आहे, वरच्या कोर्टाने तो स्पष्ट करावा, असं. टाइप करताना मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग जज मार्सिया ओबर्लिन घरी केलेल्या पिकन पाय या गोड पदार्थाची बशी घेऊन आल्या. खंडपीठावर त्याही होत्या.

"वॉरन, डोकं ठिकाणावर आहे ना? निकाल तर तोच राहतोय."

"हो, पण प्रश्न खरा आहे, मार्सिया."

"असेल. पण ज्या कोर्टात जायला निघालास, त्यांनाच कळवणार की मला हे सुटत नाही? आत्ता? जरा थांब की रे बाबा."

त्या गेल्यावर साहेबांनी ती सहा पानं माझ्या टेबलावर आणून ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ग्लेंडा, ती पानं राहू दे. एका शब्दाचं कर."

"जजसाहेब, त्या बाईचं काय?"

"कर म्हटलं ना!"

मी केलं. पगार त्याचाच घेते. पण सहीसाठी कागद त्यांच्या टेबलावर आपटलाच.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. पक्षकारांनी आम्हाला फोन करायचा नसतो, पण तिला ते कोण सांगणार?

"ताई, मी व्हर्ना स्टॅम्पर. तुमचा कागद मिळाला. त्यावर एकच शब्द आहे हो. बाकीची पानं पाठवायची राहिली का?"

साहेब दारातच उभे होते. आवाज त्यांच्यापर्यंत गेला होता. त्यांनी नजर खाली घातली.

"नाही, बाई," मी म्हटलं. "एवढंच आहे."

"पण मुलीला मी काय सांगू?"