अर्नेस्टीनने काढलेला व्हिडिओ

पोलिसांनी आपल्यातल्या कुणाला अडवलं, तर लांब उभं राहायचं, तोंड बंद ठेवायचं आणि फोनवर सगळं टिपायचं. हे शिकवायला आमच्या चर्चमध्ये शनिवारी वर्ग भरतो. विद्यार्थिनी आम्ही सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. लांब उभं राहणं जमलं, तोंड बंद ठेवण्यापाशी गाडं अडलं.

त्या रविवारी प्रार्थना संपवून आम्ही पायऱ्यांवर एकमेकींच्या हॅटांना नावं ठेवत होतो, तेवढ्यात समोर पोलिसांची गाडी. अडवलं होतं सेड्रिकला, अर्नेस्टीनच्या मुलाला. चर्चचा ऑर्गन वाजवतो तो. चष्मा, सुटलेलं पोट, मुंगीलाही वाट देईल असा. पण काळा माणूस आणि नवी गाडी, एवढं त्यांना पुरतं. गेल्याच वर्षी असाच अडवलेला आमचा एक मुलगा घरी परत आला नाही.

"व्हर्लीन, चल!" अर्नेस्टीनने माझं मनगट धरलं. फुटपाथवर आम्ही ओळीने उभ्या राहिलो, फोन वर करून.

सेड्रिकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. गोऱ्या पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर.

"बायांनो, घरी जा," तो आमच्यावर ओरडला.

"जेवण इथेच आहे, बाळा," मी म्हणाले. वर्गातलं शिकणं गेलं खड्ड्यात! "आटपलं की तूही ये. चिकन तळलंय."

तो आमच्याकडे बघतच राहिला. मग हात पिस्तुलावरून काढला, मागचा दिवा लागत नाही असं काहीतरी पुटपुटला, कागद परत दिले आणि गेला. जेवायला काही थांबला नाही मेला.

हॉलमध्ये ताटं वाढून व्हिडिओ बघायला बसलो. माझ्या व्हिडिओत अर्धं झाड. लुएलाच्यात तिच्याच हॅटचं पीस. अर्नेस्टीनने तर कॅमेरा उलटा लावलेला, पूर्ण वेळ तिचंच तोंड!

"अगं, पोलिसाने तुझी लिपस्टिक अडवली होती का?" मी म्हटलं. सेड्रिक सगळ्यांत जोरात हसला.

व्हिडिओ चालूच होता. पडद्यावरच्या अर्नेस्टीनची पापणी लवत नव्हती. खालचा ओठ दातांत धरलेला. "चिकन तळलंय" ऐकू आलं, तेव्हाही चेहरा हलला नाही. पोलिसांची गाडी गेल्याचा आवाज आला आणि तिने तोंड उघडून श्वास घेतला, बुडता बुडता वर आल्यासारखा. हसणं कधी थांबलं कळलंच नाही.

"पुसून टाक ते," अर्नेस्टीन म्हणाली. "ध्यान दिसतंय नुसतं."

"पुसू नकोस. मला पाठव." सेड्रिक खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. तिचं ताट तसंच होतं. त्याने त्यातला चिकनचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला.

"खा ना, आई. आलोय ना मी."