भट्टीगणिक बारा टक्के

मंगळवारी सकाळी हेमांगी केळुसकरचं घर बारा टक्क्यांनी लहान झालं. चूक तिचीच होती, आणि चहा उकळायच्या आत तिनं ती कबूलही केली.

झालं असं, की रविवारी तिनं घर मोजलं. कराडबाहेरच्या सोसायटीतला बैठा बंगला. मागच्या खोलीत कुंभाराचं चाक आणि विजेची भट्टी, मधल्या खोलीत कॅमेरा आणि दिवे, पुढच्या खोलीत डिझाइनचं टेबल. सकाळी माती, दुपारी फोटो, संध्याकाळी आराखडे. तीन सासवांचं मन राखणाऱ्या सुनेसारखी ती बत्तीस वर्षं या खोलीतून त्या खोलीत पळत होती. तिन्ही कामं जरा जवळ आणता येतात का, हे कागदावर मांडून बघावं म्हणून तिनं मापं घेतली. पण हाताला लागली ती मातीकामाची पट्टी.

माती वाळताना आणि भाजताना आकसते. हेमांगीची माती बारा टक्के आकसायची. म्हणून तिनं स्वतःच एक पट्टी बनवली होती, जिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा त्या हिशेबानं लांब होता. त्या पट्टीनं दहाचा कप घडवला, की भट्टीतून बरोब्बर दहाचा बाहेर पडे. अशा पट्टीनं माती सोडून दुसरं काही मोजायचं नसतं. हेमांगीनं घर मोजलं, सोमवारी दुपारी भट्टी लावली, आणि घरानं मातीसारखं मुकाट ऐकलं.

तिचा नवरा अच्युत मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. त्यानं टेप आणली आणि चारी भिंती तपासल्या.

"बाराच," तो म्हणाला. "एका काटकोनात फरक नाही. आमच्या खात्यात इतकं स्वच्छ काम कधी झालं नाही."

"रागावलास?"

"कौतुक करतोय. पण तू जरा इकडे ये बघू."

ती त्याच्या खांद्याला लागायची. आता शर्टाच्या खिशाला लागली. घराबरोबर तीही आकसली होती. खोल्या एकमेकींच्या जवळ आल्या होत्या खऱ्या, पण पावलंही तेवढीच आखूड झाल्यामुळे तिला पूर्वीइतकंच चालावं लागत होतं.

अच्युत मात्र होता तेवढाच राहिला. त्याचं कारण दुपारपर्यंत सापडलं. रविवारी दिव्यांचा उजेड तपासायला तिनं त्याला स्टुलावर बसवून एक फोटो काढला होता. त्या फोटोत जे आलं ते शाबूत राहिलं. अच्युत, स्टूल, आणि कडेला चुकून आलेला अर्धा पडदा. उरलेला अर्धा पडदा आकसून वर गेला होता.

हेमांगीनं लगेच टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. फोटोत रिकामं स्टूल आलं. तिला फारसं नवल वाटलं नाही. त्या घरातल्या एकाही फोटोत ती नव्हती. सगळ्या फोटोंत तिनं काढलेली माणसं होती. तिला फोटोत यायचं तर कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात हवा होता.

"मग भट्टी बंद ठेव," अच्युत म्हणाला. "घर इथंच थांबेल."

"आणि कप?"

अच्युतनं दोन्ही हात खिशात घातले.

दोन वर्षांपासून त्याचे हात थरथरत होते. आधी चहा बशीत सांडे, मग शर्टावर सांडायला लागला. तालुक्यातल्या प्रत्येक बांधावर बसून चहा प्यालेला माणूस, पण आता कुणी आलं की म्हणायचा, "तुम्ही घ्या, माझा आत्ताच झाला." हेमांगी त्याच्यासाठी कप करत होती. जड बुडाचा, चारही बोटं आत जातील अशा कानाचा. संध्याकाळी आराखडा, सकाळी चाकावर माती, आणि भाजून झाला की दुपारी अच्युतच्या हातात देऊन फोटो. कुठे निसटतो, कुठे कलंडतो, ते फोटोत दिसे. तिन्हीपैकी एकही काम सोडलं असतं तर तो कप झाला नसता. सोमवारच्या भट्टीतला कप फार हलका निघाला होता.

तिनं दुसरी भट्टी लावली. घर आणखी बारा टक्के उतरलं. अच्युतचं डोकं दाराच्या चौकटीला आपटायला लागलं. कपाचं वजन बरोबर जमलं, पण पट्टीही घराबरोबर आखूड झाल्यामुळे कानात तीनच बोटं गेली. सोसायटीची नोटीस आली, की आपण बंगल्याभोवतीची मोकळी जागा विनापरवानगी वाढवली आहे.

त्याच आठवड्यात अच्युतची थोरली बहीण शैला आली. उंबऱ्यातून वाकून आत शिरली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं, आवरलंस वाटतं घर! छान सुटसुटीत केलंस."

"आवरलं नाही वन्सं, आकसलं."

"तेच ते. आणि तू किती वाळलीस! मी लग्नातच सांगितलं होतं, एक काय ते धर. माती तर माती, फोटो तर फोटो. तीन-तीन उद्योग करून बाई झिजते."

"वन्सं, माझा एक फोटो काढता का?"

शैलानं फोन काढून चार फोटो काढले. फोनवरच्या फोटोंना घर दाद देत नव्हतं. खऱ्या कॅमेऱ्याला हात लावायला ती तयार होईना. "नको बाई, बिघडला तर माझ्या नावानं खडे फोडशील." चहा आला तेव्हा अच्युत म्हणाला, माझा आत्ताच झाला. शैलानं त्याच्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं, आणि पुढे कुठल्याच उद्योगाबद्दल बोलली नाही.

तिसऱ्या भट्टीनंतर हेमांगी साडेतीन फुटांची झाली. कपाच्या कानात दोनच बोटं गेली. अच्युत घरात बसूनच वावरू लागला. पण त्या दुपारी तो खाली बसून कप धरत असताना त्याचा हात बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. इतकी वर्षं तिनं तो हात वरून पाहिला होता. आता समोरून दिसला. तो इकडून तिकडे हलत नव्हता. चाकासारखा गोल फिरत होता, लहानशा वर्तुळात, सतत एकाच दिशेनं.

"हे मला आधी का नाही दिसलं?"

"तू उंच होतीस," अच्युत म्हणाला.

तिनं पट्टी वापरलीच नाही. ओल्या मातीची लांब वळी त्याच्या चार बोटांभोवती गुंडाळली, बारा टक्क्यांची जागा डोळ्यांनी सोडली आणि म्हणाली, "थरथरू दे." बोटं फिरत राहिली आणि कानाला आतून आकार देत गेली. दोघं पाऊण तास तसेच बसले. माती घट्ट झाल्यावर तिनं कान सोडवून कपाला जोडला. लग्नापासूनच्या बत्तीस वर्षांत दोघांनी मिळून केलेली ती पहिली वस्तू होती. कप वाळेपर्यंतचे आठ दिवस ती दर सकाळी भट्टीवर हळदकुंकू वाहून मनातल्या मनात आभार मानत होती. भट्टीचे, चाकाचे, कॅमेऱ्याचे आणि टेबलाचे. तीन वेडांना एका घरात नांदवून घेतल्याबद्दल घराचेही. आकसल्याबद्दलसुद्धा.

"चौथी भट्टी लावायची तर आधी तुझा फोटो," अच्युतनं बजावलं.

"एका फोटोला कितीसा वेळ लागतो?" असं म्हणून तिनं गुरुवारी सकाळी भट्टी सुरू केली. जन्मभर फोटो काढलेल्या बाईनं असं म्हणावं, म्हणजे कमाल होती.

अच्युतनं पहिला फोटो काढला. हलला. फोटोत हेमांगीच्या जागी एक फिकट फराटा होता, आणि समोर उभ्या असलेल्या तिच्या उजव्या खांद्याची कड पुसट झाली. दुसऱ्या फोटोनंतर डावा कान पुसट झाला. सहाव्या फोटोनंतर भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे तिच्या कोपरातून दिसायला लागले.

"भट्टी बंद करतो," तो म्हणाला.

"आत्ता नको. मधेच गार झाली तर कान तडकेल."

"तडकू दे."

"तुझी बोटं आहेत त्यात. तडकू दे काय!"

बाराशे अंशांना घर आकसायचं. भट्टीचा काटा अकराशे चाळीसवर होता. घरात बसून फोटो काढताना ती कॅमेऱ्याच्या चौकटीत पूर्ण मावत नव्हती, म्हणून अच्युत रांगत बाहेर गेला आणि खिडकीशी गुडघे टेकून बसला. तिचा कॅमेरा त्याच्या हातात खेळण्यासारखा दिसत होता.

"हलू नकोस," तो ओरडला.

"मी कुठे हलतेय? तूच हलतोयस!"

दोघंही हसले. हसण्यानं कॅमेरा आणखी हलला. काटा अकराशे ऐंशीवर गेला. छताचं प्लास्टर कुरकुरलं.

"अच्युत, ऐक. हात धरून ठेवू नकोस. फिरू दे त्याला. फिरता फिरता मी मधोमध येईन, तेव्हा दाब."

त्यानं श्वास सोडला. कॅमेरा लहानशा वर्तुळात फिरू लागला, संथ, एकाच दिशेनं. भिंती आत सरकायला लागल्या. हेमांगीनं साडीचा पदर खोचला, भिंतीला पाठ लावली, टाचा उचलल्या, हनुवटी वर केली, आणि जेवढी म्हणून उंच होता येईल तेवढी उंच होऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली.