चहाच्या वेळी कळलेली तारीख

वाटाघाटींच्या खोलीत लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तिची खुर्ची असे. ना या बाजूला, ना त्या बाजूला. दुभाष्याची जागा तीच. पगार मात्र साहेबांच्या कंपनीचा, म्हणजे खरेदीदारांचा.

सौदा होता भिंगं घासणाऱ्या यंत्रांचा. इतकं बारीक काम करणारी यंत्रं जगात मोजक्याच ठिकाणी बनत, त्यांतला एक कारखाना या पाहुण्यांचा. यंत्रं घ्यायचीच होती, पण घोडं एका कलमावर अडलं होतं. यंत्रांबरोबर आमचे चाळीस कारागीर येतील आणि तीन वर्षं इथे राहून देखभाल करतील, असं पाहुण्यांचं म्हणणं.

"मग आमच्या माणसांनी काय माश्या मारायच्या?" साहेब म्हणायचे.

पाहुण्यांचे म्होरके होते त्यांचे मुख्य अभियंता, सत्तरीला टेकलेले. ऑफिसात सगळे त्यांना मागून 'आजोबा' म्हणत. आजोबा कधी 'नाही' म्हणत नसत. "बघू या" म्हणत, समोरच्या कागदावर बोटं टेकवत आणि गप्प बसत. पहिल्याच दिवशी साहेबांचं डोकं फिरलं, तेव्हा तिनेच त्यांना समजावलं.

"त्यांच्याकडे तोंडावर नाही म्हणणं उर्मटपणा समजतात, साहेब. गप्प बसले म्हणजे नको आहे. आणि ती शांतता सहन न होऊन तुम्ही बोलायला लागलात की ओळखतात, याला गरज आहे."

"असं होय!" म्हणत साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत आजोबा कप घेऊन तिच्याजवळ खिडकीपाशी आले. त्यांच्या देशात शिकायला ती चार वर्षं राहिली होती, आणि तिच्या बोलण्यातला तिथला लहेजा त्यांना फार आवडे. त्यांच्या भाषेतही 'तू' आणि 'आपण' वेगळे आहेत. पहिल्या दिवसापासून ते तिला 'तू' म्हणत.

"पोरी, एक सांगतो, तुझ्यापाशीच ठेव," ते हळूच म्हणाले. "दोन बड्या देशांचं भांडण पेटलंय आणि आमच्या सरकारने एकाची बाजू धरलीय. पुढच्या एक तारखेपासून ही यंत्रं बाहेर विकायला बंदी येतेय. अजून जाहीर नाही. त्याआधी सही झाली तर ठीक, नाहीतर कारखान्याला टाळं. ती चाळीस माणसं माझ्या हाताखाली शिकलीत गं. तुझ्या साहेबांना जरा घाई करायला सांग. कारण तेवढं सांगू नकोस."

तिने मान डोलावली. त्या दिवशी ती खरंच कुणाला काही बोलली नाही, घरी नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये साहेब आणि ती, दोघंच होते. साहेब जांभई देत म्हणाले, "कंटाळलो बुवा. आज त्या कलमासकट सही करून टाकतो. येऊ देत त्यांची माणसं."

तिने फक्त गप्प राहायचं होतं. दहाव्या मजल्यापर्यंत, बस. पण आपल्याला असं काही ठाऊक आहे जे या माणसाला ठाऊक नाही, ही गोष्ट रात्रभर तिच्या पोटात उड्या मारत होती. "साहेब, आज नका करू सही," ती म्हणाली आणि सगळं सांगून बसली.

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, वाघीण आहेस तू!" आणि ते ऐकून तिला बरं वाटलं. पुढे तिला सर्वांत जास्त टोचलं ते हेच, की त्या क्षणी तिला चक्क बरं वाटलं होतं.

त्या दिवशी टेबलावर आजोबांनी कलमाचा विषय काढला. साहेबांनी कागदावर बोटं टेकवली, "बघू या" म्हणाले आणि गप्प बसले. आजोबांनी त्या बोटांकडे पाहिलं, मग एकदाच तिच्याकडे. तिने वहीत मान घातली.

ती शांतता आठ दिवस चालली. तीस तारखेला कलम वगळून सह्या झाल्या. आजोबांनी सगळ्यांशी हात मिळवला, तिच्याशीही. एक तारखेला बंदी जाहीर झाली.

दोन महिन्यांनी यंत्रं ताब्यात द्यायला त्यांच्याकडच्या एक बाई आल्या. कागद तपासता तपासता त्यांनीच सांगितलं, "चाळीसही जण घरी बसले. तारीख बाहेर कशी गेली याची चौकशी झाली. आमचे मुख्य अभियंता म्हणाले, माझ्या तोंडून गेली. कोणापाशी, ते काही सांगितलं नाही. त्यांना काढून टाकलं."

महिन्याभरात दोन यंत्रं बिघडली. भिंगांवर ओरखडे येऊ लागले, कोणाला काही कळेना. साहेबांनी तिला बोलावलं. "आजोबांना फोन लाव. तुझं ऐकतील ते. गोड बोलून काढून घे."

तिने मोकळ्या खोलीत जाऊन फोन लावला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "त्या दिवशी साहेबांना मीच सांगितलं होतं."

"मला ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "आपण आपलं काम केलंत."

आपण! तिला वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब त्या दिवशी सही करणारच होते हो," ती रडत म्हणाली. "मी गप्प राहिले असते तर..."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "यंत्रं नीट चालताहेत ना?"

तिने दुरुस्तीचं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, तिला खात्री होती. आणि बंदी आलेल्या यंत्राविषयी परक्यांना सल्ला दिला, म्हणून त्यांची पुन्हा चौकशी लागली असती.

"छान चालताहेत," ती म्हणाली.

"चांगली यंत्रं आहेत ती," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

साहेब दारातच उभे होते. "काय म्हणाले?"

"उचलला नाही फोन."

"पुन्हा लावून बघ उद्या."

"नाही उचलणार ते, साहेब."

दोन्ही यंत्रं कापड टाकून कोपऱ्यात पडून राहिली. त्या फोनवरचं बोलणं, एवढी एकच गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, आणि त्या गुपिताचा आता त्या चाळिसांतल्या एकालाही उपयोग नव्हता. महिनाअखेरीस साहेबांनी पगारवाढीचं पत्र तिच्या हातात ठेवलं. तिने ते तिथेच टेबलावर ठेवलं आणि वाटाघाटींसाठी दुसरं कोणी तरी बघा म्हणाली.

"अगं, पण का?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.